मालकाची सही

ठमीचा आवाज गेला त्याला आता सात महिने झाले. अगदी पूर्ण गेला असं नाही. ती समोर येऊन बसते, मान वर करते, मिशा पुढे येतात, तोंड उघडतं, म्यावची सगळी तयारी होते आणि बाहेर येते ती नुसती हवा. कधीकधी शेवटी थोडी खरखर. बादली रिकामी व्हायला आल्यावर मग तळाला घासतो, तशी.

हा आवाज माझ्या सहीने गेला. फॉर्म मराठीत होता, चार ओळींचा, आणि खाली छापलं होतं 'मालकाची सही'. मी दिवसाला पंधरा वेळा न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबणारा माणूस. तो कागद मात्र मी चार वेळा वाचला.

ठमी आम्हाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली, एका स्कूटरच्या सीटखाली. पहिल्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काढलाच नाही. मग तो माझ्या कानात दिला. ठोके ऐकू येतील असं मला वाटलं होतं. ऐकू आली ती सलग घरघर, बंद दाराआड वॉशिंग मशीन चालू असल्यासारखी. नंतर समजलं की या आवाजाला वैद्यकीय पुस्तकांतही 'यंत्रासारखा' असंच म्हणतात.

आईच्या पोटात असताना पिल्लाची फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे निघालेलं बरंचसं रक्त एका आडवाटेने थेट महाधमनीत जातं. ही आडवाट म्हणजे डक्टस आर्टेरिओसस नावाची छोटी नळी. जन्मानंतर पहिले श्वास सुरू झाले की ती आकसते आणि काही दिवसांत बंद होते. ठमीची झाली नाही. आता दाब उलटा, त्यामुळे महाधमनीतलं रक्त त्याच वाटेने पुन्हा फुप्फुसांकडे गळत राहतं. हृदयाची डावी बाजू तेच रक्त परत परत उपसते, ताणत जाते आणि शेवटी थकते. काही वेळा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब इतका वाढतो की प्रवाहाची दिशाच फिरते. मग ती नळी बांधायची सोय उरत नाही, बांधली तर जनावर दगावतं. म्हणजे वेळ मोजकीच असते.

कुत्र्यांमध्ये हा दोष बऱ्यापैकी आढळतो. उपचार झाले नाहीत तर त्यांतली पुष्कळशी पिल्लं वर्षभरातच जातात. त्यांच्यासाठी पायातल्या धमनीतून आत नेऊन नळीत बसवायचं एक जाळीदार बूचही आहे. मांजरांत हा दोष क्वचित दिसतो, आणि मांजरीच्या पायातली धमनी इतकी बारीक की ते बूच सहसा आत जात नाही. राहतो तो जुना मार्ग: डाव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडायची, नळी शोधायची, तिच्याभोवती रेशमाचा धागा फिरवायचा आणि बांधायची.

माणसांमध्ये हे पहिल्यांदा यशस्वी झालं ते १९३८ च्या ऑगस्टमध्ये, बॉस्टनला. रॉबर्ट ग्रॉस नावाच्या तरुण सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीची ही नळी बांधली. त्याचे विभागप्रमुख तेव्हा सुट्टीवर होते. ग्रॉसने त्याआधी सराव केला होता तो कुत्र्यांवर.

सर्जन मॅडमनी माझ्यासमोर एका औषधाच्या चिठ्ठीच्या मागे हृदय काढलं. चित्र वाईट होतं, बोलणं स्पष्ट होतं. नळीची पुढची बाजू दिसते, मागची दिसत नाही. चिमटा मागून फिरवावा लागतो, तोही हाताला काय लागतंय या अंदाजाने. नळीची भिंत पातळ असते, फाटली तर रक्ताचा फवारा. ठमी तेव्हा दोन किलोची होती. दोन किलोच्या मांजरीत रक्त साधारण सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. त्यातलं किती सांडलेलं चालेल, हिशेब तुम्हीच करा, असं त्या म्हणाल्या. रक्त द्यायचं तर मांजरांनाही रक्तगट असतात, आणि बी गटाच्या मांजरीला ए गटाचं रक्त चुकून थोडंसं दिलं तरी ती दगावू शकते. नळी बांधली की रक्तदाब एकदम चढतो आणि हृदयाची गती धाडकन उतरते, म्हणून धागा एकदम आवळायचा नाही, मिनिटामिनिटाने आवळायचा. कधी लसिकावाहिनीला इजा होते आणि छातीत दुधासारखा द्रव साठत राहतो. कधी सगळं नीट होऊनही थोडी गळती उरते.

"आणि ही," म्हणत त्यांनी नळीच्या खालून वळून गळ्याकडे जाणारी एक रेघ ओढली, "ही आवाजाची नस. नळीच्या अगदी कुशीतून जाते."

मी विचारलं, "टक्केवारी किती, मॅडम?"

"टक्के काढण्याइतकी मांजरं माझ्या हाताखालून गेलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणाच्याच नाहीत फारशी. छापून येतं ते दहा-वीस मांजरांचं, आणि ज्यांचं चांगलं झालं त्यांचंच जास्त."

माझ्या धंद्यात आम्ही रिस्कला आकडा लावतो. हे बंद पडायची शक्यता किती, पडलं तर नुकसान किती, गुणाकार करा, निर्णय घ्या. त्या रात्री मीही एक स्प्रेडशीट उघडली. शस्त्रक्रिया न करता ठमी किती जगेल, केली तर किती, टेबलावर जायची शक्यता अमुक धरू. सगळे आकडे माझेच, अंदाजाचे. एक आकडा जरा खाली ओढला की उत्तर 'नको' येई, जरा वर ढकलला की 'करा'. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की मी उत्तर आधीच ठरवलंय आणि त्याला शोभतील असे आकडे भरतोय. फाइल सेव्ह न करता बंद केली.

मला खरा छळणारा प्रश्न आकड्यांचा नव्हताच. माणसाच्या मुलावर शस्त्रक्रिया होते तेव्हाही संमती आईबापच देतात. पण ते मूल मोठं होतं, छातीवरच्या व्रणाबद्दल विचारतं, आणि कधीतरी म्हणू शकतं की बरं केलंत, किंवा का केलंत? संमती उशिरा का होईना, मागता येते. ठमीला मी कधीच विचारू शकणार नाही, आणि तीही मला कधी विचारू शकणार नाही. तिच्या बाजूने गोष्ट एवढीच असणार: या माणसाने मला टोपलीत घातलं, अनोळखी वासांच्या जागी सोडलं, आणि मग खूप दुखलं. आयसीयूतल्या माणसाला वेदना असतात, पण त्यांचं कारण त्याला माहीत असतं, आणि त्या संपणार आहेत हेही. मांजरीची वेदना विनाकारण असते. कारण असतं ते आपल्या डोक्यात.

काही तत्त्वज्ञ यावरून आणखी पुढे जातात. ज्या प्राण्याला उद्याची कल्पना नाही, पुढचे बेत नाहीत, त्याचा बेशुद्धीत वेदनेशिवाय झालेला मृत्यू त्याच्यासाठी फार मोठं नुकसान नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मग चार दिवसांच्या वेदनेच्या बदल्यात दहा वर्षं विकत घेणं हा सौदा माणसासाठी चांगला असेल, मांजरीसाठी नाही, कारण ती दहा वर्षं तिला 'हवी' नाहीतच. तर्क म्हणून हे मला खोडता आलं नाही. पण संध्याकाळी सात वाजता लिफ्टचा आवाज झाला की ठमी दाराशी येऊन बसायची. मी अजून पाचव्या मजल्यावरच असायचो. बेत आणखी काय असतो? दहा वर्षांचा नसेल, दहा मिनिटांचा असेल. अशा दहा दहा मिनिटांची रांग लावली की आयुष्यच होतं, आणि माझंही बहुतेक तसंच चाललंय.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, मुक्या जीवाला कशाला फाडताय? जगेल तितकं जगू दे." खर्च विचारला. मी अर्धा सांगितला.

ताई मात्र चिडली. "जगेल तितकं म्हणजे काय गं आई? फुप्फुसात पाणी भरून गुदमरणं तुला 'जगू देणं' वाटतं?"

दोघीही बरोबर होत्या, आणि सही मला करायची होती.

त्या आठवड्यात मी वाचत सुटलो आणि एका ठिकाणी थांबलो. हृदय-फुप्फुस यंत्र, म्हणजे हृदय थांबवून त्यावर काम करू देणारं यंत्र, हे जॉन गिबन नावाच्या अमेरिकी सर्जनचं आयुष्यभराचं काम. १९३० साली बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकलेल्या एका बाईजवळ त्याने रात्रभर बसून काढली. ती वाचली नाही. तिचं रक्त काही वेळ बाहेरच्या बाहेर फिरवता आलं असतं तर, हा विचार त्याला सोडेना. पुढे त्याने आणि त्याची बायको मेरी हिने मिळून यंत्र बांधायला घेतलं. त्यांनी ते चालवून पाहिलं ते मांजरांवर. आणि ती मांजरं यायची कुठून? बॉस्टनच्या गल्ल्यांतून. रात्री गिबन ट्यूना मासा आणि गोणपाट घेऊन बाहेर पडायचा. १९३५ मध्ये त्यांनी एका मांजरीच्या फुप्फुसाची धमनी चिमट्याने बंद केली आणि यंत्राने तिला जिवंत ठेवलं.

१९५२ साली हे यंत्र पहिल्यांदा एका बाळावर वापरलं गेलं, पंधरा महिन्यांच्या. हृदयाच्या पडद्याला भोक आहे असं निदान होतं. हृदय उघडलं तर भोक सापडेना. बाळ गेलं. शवविच्छेदनात कळलं की दोष वेगळाच होता: डक्टस आर्टेरिओसस उघडी होती. तीच, ठमीची नळी. पुढच्या वर्षी ६ मे रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया यशस्वी झाली, यंत्राने सव्वीस मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुसं सांभाळली. ही घटना इतिहासात नोंदली गेली. त्यानंतरचे दोन लहान रुग्ण मात्र दगावले, आणि गिबनने हे काम थांबवलं.

हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: मांजरांचं माणसांवर कर्ज आहे, मी ते फेडतोय. वाक्य छान होतं, दोन दिवस मला पुरलं. मग ते खोटं वाटायला लागलं. कर्ज असेल तर ते बॉस्टनच्या गल्लीतल्या ट्यूनाला भुललेल्या त्या मांजरींचं. त्या मेल्या. ठमी म्हणजे त्यांची वारस नव्हे, आणि मी म्हणजे मानवजात नव्हे. गंमत अशी की मांजरींवर घडलेलं ते यंत्र मांजरींच्या फारसं कामी येत नाही. यंत्राच्या नळ्या भरायलाच जो द्रव लागतो, त्यात मांजरीचं कपभर रक्त पार पातळ होऊन जातं.

कर्जाचा विचार गेला, पण एक बोचरी गोष्ट राहिली. गिबनची मांजर आणि माझी मांजर टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांच्या बाजूने फरक काय? दोघींनाही कुणीतरी उचलून आणलं, दोघींची छाती उघडली. 'हिच्या भल्यासाठी' आणि 'दुसऱ्याच्या भल्यासाठी' हा फरक पूर्णपणे माणसाच्या मनात आहे. आणि मन काय, माझ्या स्प्रेडशीटसारखं वळवता येतं. मला ठमी हवी होती. तिच्याशिवायचं घर मला नको होतं. सर्जन मॅडमनाही हे ऑपरेशन करायचं होतं, त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं, कठीण बग समोर आल्यावर आमच्या टीममधल्या चांगल्या लोकांच्या डोळ्यांत दिसतं तसंच. मग ठमीच्या भल्याचं नाव घेऊन आम्ही दोघं आपापलं काम काढून घेत नव्हतो कशावरून?

मला सापडलेली खूण एकच, आणि ती पुरेशी आहे असा माझा दावा नाही. ज्याच्यासाठी करतोय म्हणता, त्याच्यासाठी थांबता येतं का, हे बघायचं. फॉर्मवर एक चौकोन होता: हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न करावेत का? हो / नाही. मी 'हो'वर खूण करणार होतो. मॅडम म्हणाल्या, "एकदा विचार करा. नळी फाटून थांबलं तर मी परत सुरू करीनही. पण मग जी उठेल तिची अवस्था काय असेल, ते आपल्या हातात नाही." मी 'नाही'वर खूण केली. हात थरथरत होता, खूण चौकोनाबाहेर गेली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की मी स्वतःसाठी सही करत नाहीये. आधीच्या सगळ्या विचारांनी हे सिद्ध झालं नव्हतं.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. नळी फाटली नाही. दोन तासांनी मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप माझ्याकडे दिला. आत ठोके होते. नुसते ठोके.

पाचव्या दिवशी ठमीने पहिल्यांदा म्याव करायचा प्रयत्न केला. श्वास घेतानाही घशात आवाज येत होता. तपासलं तर स्वरयंत्राची डावी बाजू हलत नव्हती. तिथला एक ज्युनिअर डॉक्टर मला समजावत म्हणाला, "सर, ही नोन कॉम्प्लिकेशन आहे. फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं." मॅडम मागून आल्या. त्यांनी त्याला थांबवलं नाही, फक्त म्हणाल्या, "नस बाजूला ओढताना ताण बसला असणार. माझ्याच हातून."

या दोन वाक्यांवर मी नंतर फार विचार केला. दोन्ही खरी आहेत. आमच्याकडेही 'नोन इश्यू' असतो. एकदा तो यादीत गेला की त्याचं कुणाला काही वाटेनासं होतं, जणू आधी माहीत होतं म्हणजे ते कुणी केलंच नाही. आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो तेव्हा नियम असा की कुणाचं नाव घ्यायचं नाही, दोष प्रक्रियेत शोधायचा. नियम चांगला आहे, माणसं घाबरली की खरं सांगत नाहीत. पण त्या कागदात कर्ताच नसतो. सर्व्हर 'बंद पडला', डेटा 'गेला', नस 'ताणली गेली'.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये नैतिक नशिबावर एक निबंध लिहिला. त्यात एक लॉरी ड्रायव्हर आहे. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येतं. आपण सगळे त्याला सांगतो, तुझा दोष नाही. ते खरंही आहे. पण तो लगेच 'बरोबर आहे, माझा दोष नाही' म्हणून चहा प्यायला लागला, तर आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी खटकेल. बघ्यांना वाईट वाटतं आणि ड्रायव्हरला वाईट वाटतं, यात फरक आहे. तो अपराध नाही, तरी ते त्याचंच आहे.

मला हे वाचताना आजी आठवली. मांजर मेली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, असं ती सांगायची. आम्ही लहानपणी हसायचो. मी एकदा विचारलं होतं, चुकून सायकलखाली आली तरी? "तरी," आजी म्हणाली. "सायकल तुझीच ना?" सोन्याची मांजर हा भटजींचा फायदा असेल, मला त्यात पडायचं नाही. पण हेतू काय होता हे न विचारणारा तो नियम मला आता तितका अडाणी वाटत नाही. सही माझीच ना?

लोक म्हणतात, जीव वाचला, आवाजाचं काय घेऊन बसलास. हिशेब म्हणून बरोबर आहे. मला फक्त दोन गोष्टी माहीत आहेत. एक, मोठी मांजरं एकमेकांशी फारशी म्याव करत नाहीत, पिल्लं आईशी करतात, आणि मोठेपणी त्यांचं हे म्याव बहुतेक माणसांसाठीच असतं. म्हणजे गेलं ते नेमकं आमच्या दोघांमधलं. दुसरी, मे महिन्यात दुपारी ती पंख्याखाली पडून श्वास ओढते तेव्हा तो आवाज पलीकडच्या खोलीत येतो. मी लॅपटॉप म्यूट करून ऐकत बसतो. ऊन वाढलं की एसी लावतो, तिला उड्या मारू देत नाही. तिला हे आवडत नाही.

आणि ती टेबलावरच गेली असती तर? विचार तोच, सही तीच, चौकोनावरची वाकडी खूणही तीच. पण मग हा निबंध मी लिहिला नसता, आणि लिहिला असता तरी आई म्हणाली होती ते शहाणपण आणि माझा तो हट्ट, असाच लिहिला असता. मी बरोबर केलं असं आज मला वाटतं, त्यात माझ्या विचाराचा वाटा किती आणि न फाटलेल्या पातळ भिंतीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

मागच्या आठवड्यात नाशिकहून एका मुलीचा फोन आला. मॅडमनी मला विचारून माझा नंबर दिला होता. तिच्या बोक्याला तोच दोष, वय चार महिने. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते, आणि खर्चाचा खरा आकडाही.

"दादा, परत वेळ आली तर तुम्ही कराल का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "पण माझं ऐकून करू नकोस."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमची ठमी आता ओरडते कशी, ऐकवता का?"

ठमी ओट्याखाली जेवणाची वाट बघत बसली होती. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या तोंडाशी धरला आणि वाटी वाजवली. तिने मान वर केली, तोंड उघडलं.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "ओरडली का?"

"हो, आत्ताच," मी म्हणालो.